गादी कोणाच्या हाती?

कचेरीत बदली झाली की 'चार्ज हँडओव्हर' होतो. किल्ल्या, फायली, शिक्के नव्या माणसाकडे जातात, सह्या होतात आणि जुन्याचा अधिकार तिथेच संपतो. धर्मातला अधिकारही असाच या हातातून त्या हातात जातो, असे आपण गृहीत धरतो. नांदेडचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. १७०८ साली गोदाकाठी गुरू गोविंदसिंगांनी दोन गोष्टी सोपवल्या, त्याही निरनिराळ्या. तिथेच मठ करून राहिलेल्या माधोदास बैराग्याला त्यांनी बंदासिंग केले आणि पंजाबातल्या लढ्याचे नेतृत्व दिले. गुरुपद दिले नाही. ते शीख परंपरेनुसार ऑक्टोबरात, देह ठेवण्यापूर्वी, ग्रंथसाहिबाला दिले. बंदाने सरहिंद जिंकले, १७१६ मध्ये दिल्लीत त्याला ठार केले गेले. त्यालाच गुरू मानणारा एक गट निघाला होता, पण पंथाने त्या गटाला थारा दिला नाही. काम माणसाकडे सोपवता येते, कारण माणूस गेला की ते दुसऱ्याकडे देता येते. सत्याचे प्रामाण्य असे हातोहात फिरू लागले की वारसांची भांडणे सुरू होतात, आणि गुरुगादीवरून तशी भांडणे आधीच्या पिढ्यांत झालीही होती.

यावर आक्षेप असा की ग्रंथ बोलत नाही; अर्थ लावणारा बोलतो, म्हणजे सत्ता शेवटी त्याच्याच हाती. धोका खरा आहे. पण ग्रंथाबरोबर पंथालाही अधिकार दिला गेला, हे विसरून चालणार नाही: अर्थ सांगणारा कितीही विद्वान असो, तो संगतीतच बसतो आणि स्वतःला गुरू म्हणवू शकत नाही. दुसरा आक्षेप इतिहासकारांचा. ग्रंथच गुरू ही कल्पना १७०८ नंतर हळूहळू रुजली, असे काहींचे मत आहे. तसे असले तरी युक्तिवाद ढळत नाही, उलट समाजाने ती विचारपूर्वक स्वीकारली असे म्हणावे लागेल. नामधारी शीख मात्र आजही देहधारी गुरू मानतात.

मला सर्वांत बोलका वाटतो तो नामदेवांचा दाखला. नांदेडशेजारच्या हिंगोली जिल्ह्यातली नरसी ही त्यांची जन्मभूमी मानतात. त्यांना कोणी गुरुगादी दिली नव्हती, ते नानकांच्याही आधीचे. तरी त्यांची ६१ पदे ग्रंथसाहिबात आहेत आणि गुरूंच्या वाणीइतकीच पूज्य आहेत. वाद अर्थात आजही आहेत: नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात ग्रंथसाहिबासोबत, गुरू गोविंदसिंगांच्या नावावर असलेल्या दशम ग्रंथाचाही प्रकाश होतो, म्हणजे तोही पूजास्थानी उघडून ठेवला जातो, आणि अनेक शिखांना ते पटत नाही. तो वाद अजून मिटलेला नाही. पण तो कोणता ग्रंथ यावरचा आहे, कोणता माणूस यावरचा नाही.