न दिसणे आणि नसणे

जुन्या गाडीचा ब्रेक लाइट बंद पडला, तरी ब्रेक दाबणाऱ्याला ते दिसत नाही. मागून येणारा कुणीतरी सांगतो, तेव्हा कळते; म्हणजे हे ज्ञान शब्दप्रमाणाने होते. सांगणाऱ्याला कळलेला असतो तो प्रकाशाचा अभाव. अभाव कळतो कसा, हा भारतीय दर्शनांतला जुना वाद आहे. मीमांसक कुमारिल भट्टांच्या परंपरेने त्यासाठी अनुपलब्धी (न दिसणे) हे सहावे प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, मानले. नैयायिकांनी चारच प्रमाणे राखली आणि अभावही इंद्रियांनाच कळतो, असे म्हटले. एक अट मात्र दोघांनाही मान्य आहे: वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधारात घट दिसला नाही, एवढ्याने घट नाही असे ठरत नाही.

वायरमनचे काम याच अटीवर उभे असते. दोन्ही दिवे बंद असतील तर संशय आधी फ्यूजवर आणि पेडलच्या स्विचवर जातो. एकच बंद असेल तर बल्ब, होल्डर किंवा अर्थवर. 'टेल लाइट लागतो, म्हणजे बल्ब चांगला आहे' हे अनुमान वरवर पटते, पण हेतू सव्यभिचार आहे, म्हणजे हेतू असूनही निष्कर्ष खोटा निघू शकतो. अनेक गाड्यांत त्या एकाच बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात, ५ वॉटची टेल लाइटसाठी आणि २१ वॉटची ब्रेकसाठी. पहिली शाबूत असताना दुसरी उडालेली असू शकते.

मग टेस्ट लॅम्प येतो. त्याची क्लिप बॉडीला लावून, पेडल दाबलेले असताना टोक होल्डरमधल्या ब्रेकच्या संपर्कबिंदूला टेकवतात. लॅम्प लागला नाही, तर करंट येत नाही असे म्हणण्याची घाई होते. पण क्लिप रंगावर किंवा गंजावर बसली असेल, तर करंट असूनही लॅम्प लागणार नाही. म्हणून क्लिप तिथेच ठेवून टोक आधी बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावून पाहावे. तिथे लॅम्प लागला, तरच होल्डरवरच्या त्याच्या न लागण्याला प्रमाणाचे मोल येते. काही गाड्यांत ब्रेक लाइटला किल्ली चालू असावी लागते, हेही त्याच अटीत मोडते.

नवा बल्ब लागला, हा झाला अन्वय: चांगला बल्ब असला की प्रकाश असतो. तेवढ्याने जुना बल्ब दोषी ठरत नाही. काढघाल करताना होल्डरमधला गंजही खरवडला गेलेला असतो. जुना बल्ब पुन्हा बसवावा. तो लागला नाही, तर व्यतिरेक (चांगला बल्ब नसला की प्रकाश नसतो) जुळला आणि दोष बल्बचाच. लागला, तर पॉलिश पेपर घेऊन होल्डर साफ करावा.