भेट आहे म्हणून मी गप्प बसणार नाही

‘हातानं केलंय सर, थोडं उन्नीस-बीस चालायचंच,’ असं तू मघाशी म्हणालास. वर पुस्तीही जोडलीस, की वाढदिवसाची भेटच तर आहे, बाबा काही नावं ठेवणार नाहीत. दुसरं वाक्य अगदी खरं आहे, आणि त्याचाच मला संताप आला. गिऱ्हाइकानं पैसे मोजले असते, तर हा रॉड त्यानं आठवड्याच्या आत तुझ्या दारात आणून आपटला असता. तुझे वडील तसं करणार नाहीत. ‘छान झालाय’ म्हणतील, शेजाऱ्यांना दाखवतील, आणि रविवारी भाट्याच्या खाडीवर गरवायला जाताना कोपऱ्यातली जुनी काठी उचलतील. भेट घेणाऱ्याला तक्रार करायची सोय नसते. तेव्हा त्यांची तक्रार आज मी करतो. मोबाइल पालथा ठेव आणि ऐक.

पहिला प्रश्न: दहा फुटांचं ब्लँक कशावरून घेतलंस? नळीवर छापलंय ते वाच. ४० ते ८० ग्रॅम. व्हिडिओतला तो माणूस उघड्या समुद्रात, लाटांच्या पलीकडे जड ल्युअर भिरकावत होता, ते बघून घेतलंस ना? तुझे वडील काय करतात? खाडीच्या कडेला उभे राहतात, गळाला जिवंत कोळंबी लावतात, वर एवढंसं शिसं, आणि भरतीचं पाणी चढायला लागलं की हलक्या हातानं सोडतात. जिताडा आला तर आला, नाहीतर शिंगाळी घेऊन घरी. सगळं मिळून दहा-पंधरा ग्रॅमसुद्धा वजन नाही. रॉड फेकतो कसा, ते पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. टोकाच्या वजनानं तो मागे वाकतो आणि सरळ होताना तेच वजन पुढे उडवतो. दहा ग्रॅमला हा तुझा खांब वाकणारच नाही. मग फेक कुणी करायची? त्यांच्या खांद्यानं. आणि उजवा खांदा आखडल्यामुळे ते गेली काही वर्षं खालून, दोन्ही हातांनी फेकतात, हे मला पुलावरून जाता-येता दिसतं, तर तुला घरात राहून दिसत नाही? जोर लावून झटका दिला, की कोळंबी गळातून सुटून एकटीच पलीकडच्या तीराला जाईल, ते वेगळंच.

मूठही तशीच. रील सीटपासून बुडापर्यंतचं अंतर तू स्वतःच्या हातावर मोजलंस. तू त्यांच्यापेक्षा वीतभर उंच आहेस. हे बूड त्यांच्या बरगडीत अडकणार. कोपर वाकवून, हात रीलवर ठेवून, बूड कोपराच्या जरा मागे येतं की नाही ते बघायचं असतं, आणि ते घेणाऱ्याच्या हातावर बघायचं असतं. त्यांना कळू द्यायचं नव्हतं म्हणतोस. त्यांच्या जुन्या काठीवर, जिथं हात घासून लाकूड गुळगुळीत झालंय, तिथं पट्टी लावली असतीस तरी कळलं असतं.

ब्लँकचा कणा बघितलास? बूड जमिनीवर, टोक तळहातावर, मध्ये दुसऱ्या हातानं दाबून फिरवलं, की एका ठिकाणी नळी आपोआप उडी मारून बसते. कार्बनचं कापड गुंडाळून नळी करतात, तेव्हा ती सगळीकडून सारखी ताठ होत नाही, म्हणून. आता यात दोन मतं आहेत. काही जण कण्याप्रमाणे गाइड लावतात. काही जण म्हणतात कणा गेला उडत, नळी दिसायला जिकडून सरळ तिकडून लावा. मला दोन्ही चालतं. ‘बघितलंच नाही’ हे तिसरं मत मात्र मी ऐकून घेणार नाही.

आता गाइड. टिप सोडून मोज. सहा. दहा फुटांच्या रॉडला सहा! फुटाला एक आणि वर टिप, हा ढोबळ हिशेब तुझ्या वहीत लिहिलेला आहे, मी बघितलाय. गाइड महाग म्हणून कमी घेतलेस, आणि तेच पैसे सोनेरी दोऱ्यात आणि चमकत्या स्टिकरात घातलेस. बरं, हिशेबावरही जाऊ नकोस. रबराच्या रिंगांनी गाइड तात्पुरते बसवायचे, तंगूस ओवायचा, टोकाला वजन टांगून रॉड वाकवायचा आणि बाजूनं बघायचं. तंगूस नळीच्या वाकाबरोबर वळत गेला पाहिजे. दोन गाइडांमध्ये तो ताणलेल्या दोरीसारखा सरळ धावत असेल, तर तिथं गाइड सरकव किंवा वाढव. ही परीक्षा दोरा गुंडाळायच्या आधी घ्यायची असते. तू घेतली नाहीस, कारण तुला दोरा गुंडाळायची घाई होती. रंगकाम मजेचं, वाकवून बघणं कंटाळ्याचं.

आण ती भिंगाची काच. या गाइडचा पाय बघ. कारखान्यातून येतो तसा बोथट, कडेला धार. कानशीनं घासून तो टोकाशी कागदासारखा पातळ करायचा, म्हणजे दोरा नळीवरून पायावर न अडखळता चढतो. इथं बघ, दोरा चढताना फट पडली आहे, आणि ती झाकायला तू वर इपॉक्सी थापलंस. पण फट ही दिसण्याची गोष्ट झाली. खरी भीती खाली आहे. रॉड वाकला की ही धार नळीत रुतते. कार्बन लांबीच्या दिशेनं ओढ सोसतो, पण त्याला एक ओरखडा बस झाला. बाहेरून काही दिसत नाही, आणि मोठा मासा लागला की नेमका तिथंच कडकन मोडतो. १९७३ साली अमेरिकेत फेनविक कंपनीनं कार्बनचा रॉड बाजारात आणला, तेव्हापासून ही गोष्ट जगभरच्या लोकांची पैसे घालवून शिकून झाली आहे. तुझ्या वडिलांच्या जिताड्यावर ती पुन्हा शिकायची गरज नाही.

रील सीट हलवून बघ. हललं ना? नळी बारीक, सीटचं भोक मोठं, म्हणून तू मधली जागा मास्किंग टेपनं गच्च भरलीस, इकडच्या टोकापासून तिकडच्या टोकापर्यंत. मग इपॉक्सी नळीला चिकटलं कुठं? कागदाला चिकटलं. टेपच्या पट्ट्यांमध्ये मोकळी जागा सोडायची, तिथं इपॉक्सी भरून नळी आणि सीट एकजीव होतात. खाडीचं खारं पाणी या कागदात शिरलं, की तो कुजेल आणि रील मुठीत गरगर फिरेल.

टिपही तू पक्क्या इपॉक्सीनं चिकटवलीस. टिपचं कडं आपटून फुटणं रोजचंच. म्हणून ती उष्णतेनं सुटणाऱ्या गोंदानं बसवतात, काडी धरली की निघाली पाहिजे. पुढे चल.

वरचं हे लेपण. बोट लाव. लावच. चिकटतंय. ‘पावसाळी हवा आहे सर, अजून सुकतंय.’ हे सुकणं नव्हे रे बाबा! रेझिन आणि हार्डनर यांची ही रासायनिक जुळणी आहे. दोन्ही समान मापानं घेतलं तर जुळते. बाटलीच्या टोपणात डोळ्यांनी अंदाज घेतला, तर दिवाळीपर्यंत असंच चिकट राहील. दोन वेगळ्या सिरिंज ठेवायच्या, एकीचं तोंड दुसऱ्या बाटलीला लागू द्यायचं नाही, आणि हळू ढवळायचं. फेटलंस की फुगे झाले. ते घालवायला तू तोंडानं फुंकर मारलीस. फुंकरीत ओल असते. ओल आणि हार्डनर यांचं वैर आहे, वर तो पांढुरका तेलकट थर आलाय तो त्यातूनच. स्पिरिटच्या दिव्याची ज्योत खालून क्षणभर फिरवायची, लेप पातळ होतो आणि फुगे आपोआप फुटतात. आणि लेप धरेपर्यंत रॉड फिरत राहिला पाहिजे, तासन् तास. मोटर नसेल तर हातानं. तू रॉड आडवा ठेवून जेवायला गेलास, म्हणून प्रत्येक गुंडाळीखाली एक थेंब लोंबतोय. दोऱ्यावर हा काळसर डाग कसला? बोटांचं तेल. स्पिरिटनं नळी पुसायची, हात धुवायचे, हे मी आता शाळकरी पोराला सांगावं?

‘हातानं केलंय’ ही सबब तू कुठून उचललीस, ते मला समजत नाही. एव्हरेट गॅरिसन नावाचा एक अमेरिकन अभियंता बांबूचे रॉड करायचा. बांबू चिरून सहा पट्ट्या, प्रत्येक पट्टी त्रिकोणी तासायची, सहाही चिकटवून एक षट्‌कोनी काठी. पट्टी इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत बरोबर यायला हवी, असा त्याचा हट्ट, आणि तीही हातरंध्यानं. त्याची सगळी पद्धत १९७७ साली पुस्तकात आली. दोन वर्षांपूर्वीच तो गेला होता. तेव्हा हात हे कमी मापाचं कारण सांगू नकोस. यंत्राला घेणारा माणूस दिसत नाही, तुला दिसतो, एवढाच हाताचा फायदा. तो तू घेतलाच नाहीस.

सजावटीवर बोलणार नव्हतो, पण बोलतो. वरातीतल्या घोड्यासारखा नटवलायस त्याला. बाबांचं नाव एवढंसं, आणि खाली तुझं नाव आणि ‘हस्तनिर्मित’ हे शब्द बोटभर उंचीचे. हा रॉड कुणासाठी केला, ते तुझ्या अक्षरांनीच सांगितलं. मागेपुढे बघू नकोस, मी तुलाच विचारतोय.

मान वर कर. हात तुझा वाईट नाही. त्या पहिल्या गुंडाळीत दोऱ्याचा ताण सारखा आहे, एकही वेढा दुसऱ्यावर चढलेला नाही. तिथं तू लक्ष देत होतास. बाकी ठिकाणी टाळ्या ऐकत होतास.

हे ब्लँक त्यांच्या कामाचं नाही, ते तू ठेव, समुद्रावर ने. गाइड मात्र काढायचे. ड्रायरनं लेप ऊन करायचा आणि ब्लेड फक्त गाइडच्या पायावरून चालवायचं, नळीवर नाही. नळीवर चालवलंस तर माझ्यासमोर येऊ नकोस. त्यांच्यासाठी सात-साडेसात फुटांचं, हलकं, टोकाला मऊ असलेलं घे. पैसे कमी पडत असतील तर न उघडलेली सोनेरी रिळं दुकानात परत कर. वाढदिवस टळला तरी चालेल, त्यांना वाढदिवस असतो हे त्यांनाही तुम्हीच सांगता.

रविवारी त्यांच्याबरोबर खाडीवर जा. हातात काही धरू नकोस, फोटो काढू नकोस. कुठला हात वर, कुठला खाली, फेकताना पाय कुठं, मासा ओढताना बूड कुठं टेकवतात, ते बघ आणि घरी येऊन लिही. सोमवारी ती वही आण, त्यांचं रील आण, आणि येताना औषधाच्या दुकानातून बिनसुईच्या दोन सिरिंज घे.