न घडलेल्या वर्षांची रेघ

४ नोव्हेंबर २००८ रोजी अमेरिकेने बराक ओबामांना निवडून दिले, त्याच दिवशी आकाशात शनी आणि हर्षल यांचा प्रतियोग होता. जीर्ण व्यवस्था आणि बंडखोर नवता यांचे द्वंद्व, असा त्याचा अर्थ पाश्चात्त्य ज्योतिषी लावतात. बँका कोसळत असलेल्या त्या शरदात या भाष्याला हसण्याचे त्राण तरी कोणात होते? मला मात्र त्या योगापेक्षा दोन महिन्यांनी एका अहवालात उमटलेल्या दोन रेघा अधिक गूढ वाटत आल्या आहेत.

क्रिस्टिना रोमर आणि जॅरेड बर्नस्टीन या ओबामांच्या अर्थतज्ज्ञांनी त्या रेखाटल्या होत्या. सरकारने तिजोरी उघडली तर बेरोजगारी ८ टक्क्यांच्या आसपास थबकेल, नाही उघडली तर ९ टक्क्यांपर्यंत चढेल. फेब्रुवारीत ७८७ अब्ज डॉलरचा कायदा झाला. प्रतिनिधिगृहातल्या एकाही रिपब्लिकन सदस्याने त्याला मत दिले नाही. ऑक्टोबरात बेरोजगारी १० टक्क्यांवर पोचली, म्हणजे औषधच न घेतलेल्या रोग्याच्या रेघेच्याही वर. योजना फसली, असे विरोधक म्हणाले. ती नसती तर याहून भीषण घडले असते, असे समर्थक.

हे दुसरे वाक्य आपल्या कानांना किती ओळखीचे आहे! ग्रहशांती करूनही संकट आलेच, तर गुरुजी समजावतात की जिवावरचे बोटावर निभावले. न जगलेल्या आयुष्याची साक्ष काढायला बोलवायचे कोणाला? शिवाय पत्रिका चुकली की जन्मवेळेकडे बोट दाखवण्याची सोय असतेच. इथेही तसेच घडले, आणि गंमत अशी की इथे ते खरे होते. २००८ च्या शेवटच्या तिमाहीत अर्थव्यवस्था वार्षिक ३.८ टक्के दराने आकसली, असा पहिला सरकारी अंदाज जानेवारीअखेर आला; पुढे सुधारित आकडा ८ टक्क्यांपलीकडे गेला. भविष्य राहू द्या, ज्या क्षणावर पाय रोवून भविष्याकडे पाहायचे, तो वर्तमानच धुक्यात होता. माणसाच्या ज्ञानाची ही उणीव मला भविष्याच्या अज्ञानापेक्षा अधिक अस्वस्थ करते.

त्याच २००९ मध्ये जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हुशार मुले कोणती आणि बौद्धिक अक्षमता असलेली कोणती, हे पत्रिकांवरून ओळखण्यात २७ ज्योतिष्यांना सरासरी ४६ टक्के यश आले. नाणे उडवले असते तरी याहून थोडे बरे जमले असते. म्हणून काही कुणाच्या ओसरीवरची गर्दी ओसरली नाही. पत्रिका घेऊन येणाऱ्याचा निर्णय बहुधा आधीच झालेला असतो. त्याला हवा असतो त्या निर्णयाचा भार वाटून घेणारा कोणीतरी. मतदानाला हात वर करणाऱ्या लोकप्रतिनिधीची गरज तरी याहून निराळी कुठे असते? तरीही दोघांना एका पारड्यात घालणे मला अन्यायाचे वाटते. रोमर-बर्नस्टीन यांनी आकडा लिहून आपली मान पुढे केली होती, आणि काळाने ती धरलीही. शनी-हर्षलाच्या भाष्यकारांची मान कोणाच्या हाती लागणार?

शिवाय त्याच अहवालाच्या तळटीपेत नमूद होते की, काही खासगी अंदाजकर्त्यांच्या मते योजनेअभावी बेरोजगारी ११ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. आलेख पुढे वर्षानुवर्षे वादात फडकत राहिला. ती तळटीप कोणी मोठ्याने वाचून दाखवल्याचे मला आठवत नाही.