तेरा वर्षांनंतरचा रविवार

सिनेगॉगमध्ये सामुदायिक प्रार्थना पूर्ण म्हणायची तर दहा प्रौढ पुरुष हजर असावे लागतात. मुलाला तेरा वर्षे पूर्ण झाली की ज्यू धर्मशास्त्र त्याला प्रौढ मानते. ठाण्यात किंवा भायखळ्याच्या आसपास दहाचा आकडा जमवणे फारसे अवघड जात नाही. अलिबाग, पेण, रेवदंडा या बाजूला मात्र बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठीभाषक ज्यूंची, घरे इतकी थोडी उरली आहेत की, नववीतला मुलगा शुक्रवारी संध्याकाळी गणिताच्या क्लासला गेला, तर प्रार्थना अडू शकते. इतर बहुतेक समाजांत या वयाच्या मुलाला देवळात कोणी विचारत नाही. आला तर आला, नाही तर नाही. इथे त्याच्यावाचून अडते. म्हणून तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठवड्याच्या सुट्टीत काय शिकवायचे, हा प्रश्न या समाजासाठी सवडीने सोडवण्याजोगा नाही.

२०११ च्या जनगणनेत सगळ्या भारतात ज्यू म्हणून नोंदवलेली माणसे ४,६५० होती आणि त्यांपैकी २,४६६ महाराष्ट्रात. स्वातंत्र्याच्या सुमारास एकट्या बेने इस्रायलींचीच संख्या वीस हजारांच्या घरात होती. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, त्यामुळे स्वतःच्या शिक्षणसंस्था चालवणे कागदावर सोपे झाले. पण आज शाळेचे वर्ग भरतील एवढी मुलेच समाजात नाहीत. रोजची शाळा शक्य नसली की सुट्टीचा दिवस तेवढा हातात राहतो. तोही शनिवार नव्हे. शब्बाथला लिहिणे वर्ज्य, तेव्हा वही-पेन घेऊन बसायचे तर रविवारच.

या समाजाने दीर्घ काळ शाळेवाचून धर्म टिकवला, हे इथे लक्षात घ्यायला हवे. परंपरा सांगते की, नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांचे वंशज कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यात तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटले. हिब्रू ग्रंथ हाती नव्हते, रब्बी तर नव्हताच. तरी शब्बाथ, सुंता, आहाराचे नियम आणि शेमाची प्रार्थना टिकली. पुढे डेव्हिड राहाबी नावाच्या ज्यू प्रवाशाने त्यांना ओळखले आणि झिराडकर, शापूरकर, राजपूरकर या तीन घराण्यांतल्या माणसांना शिकवून काजी, म्हणजे धार्मिक प्रमुख, केले, अशी कथा आहे. कथेतला इतिहास किती हा वाद अभ्यासकांचा. पण राहाबीने शिकवले ते आधीच सुरू असलेल्या आचरणाला जोडून, एवढे तिच्यातून स्पष्ट दिसते. घाणा बंद राहणे हाच तिथला धडा होता आणि तो लहान मुलालाही दर आठवड्याला डोळ्यांनी दिसत होता.

मुंबईत आल्यावर हे बदलले. नोकरी लष्करात, रेल्वेत, सरकारी कचेरीत. शनिवार पाळायचा की पगार, हा पेच घरोघरी उभा राहिला. त्याच वेळी मिशनरी आले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत उतरले आणि १८३२ मध्ये त्यांनी हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले. बेने इस्रायली मुले मिशनच्या शाळांत हिब्रू शिकू लागली. धर्मांतर फार थोड्यांनी केले. भाषा मात्र अनेकांनी घेतली. त्याच दशकात, १८३८ मध्ये, फिलाडेल्फियात रेबेका ग्रॅट्झ यांनी अमेरिकेतली पहिली ज्यू रविवारची शाळा काढली. तिचा साचा ख्रिस्ती रविवारच्या शाळेचा होता. दोन्हीकडे पेच एकच होता: आपली मुले आपला धर्म परक्यांच्या बाकावर बसून शिकणार का? अमेरिकेने उत्तर म्हणून रविवार निवडला. मुंबईने निवडलेला मार्ग मला अधिक खोल वाटतो.

मुंबईच्या बेने इस्रायलींनी आपला धर्म मराठीत आणला. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी डेव्हिड ससून यांच्या शाळेत अनेक वर्षे मुख्याध्यापकी केली आणि प्रार्थनेची पुस्तके एकामागून एक मराठीत उतरवली. पेसाहच्या रात्री वाचायची हागादा मराठीसह १८४६ मध्ये मुंबईत छापली गेली. १८७४ च्या पुणे आवृत्तीत तर साडी नेसलेल्या बायका बेखमिराची भाकर करताना चित्रात दिसतात. १८८० च्या सुमारास काही उत्साही मंडळींनी कीर्तनाचा प्रकार उचलला आणि योसेफ, मोशे, एलियाहू यांची आख्याने ओव्या-साक्यांतून रंगू लागली. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ मध्ये समाजाची शाळा उभी केली. तीच पुढे इस्रायलाइट स्कूल आणि नंतर माझगावचे सर एली कदूरी हायस्कूल झाली. १९२२ पासून जवळजवळ तीन दशके तिच्या मुख्याध्यापिका रेबेका रूबेन होत्या. त्यांच्या काळात शिकलेल्या मुलाला मराठी, इंग्रजी आणि हिब्रू या तिन्ही भाषांत आपण कोण हे सांगता येत असे. आज कदूरी शाळा चालू आहे, पण वर्गांत ज्यू मुले जवळजवळ नाहीत. आजूबाजूच्या वस्तीतली, प्रामुख्याने मुस्लिम मुले तिथे शिकतात. मला यात खंत करण्यासारखे काही दिसत नाही. एका छोट्या समाजाने उभारलेली शाळा शेजाऱ्यांच्या कामी येते आहे. पण समाजाच्या स्वतःच्या मुलांचे धर्मशिक्षण तिथून उठून सिनेगॉगच्या सभागृहात आणि समाजकेंद्रांत आले, हेही खरे.

तिथे पोचताना ते आक्रसले. सुट्टीच्या वर्गाचे मुख्य काम बार मित्झवाची, म्हणजे तेराव्या वर्षीच्या प्रौढत्वाच्या विधीची, तयारी हे झाले. मुलगा हिब्रू अक्षरे शिकतो, तोराचा आपल्या वाट्याचा भाग सुरात म्हणायला शिकतो, ठरलेल्या दिवशी सिनेगॉगमधल्या तेबावर (वाचनाच्या चौथऱ्यावर) उभा राहून म्हणतो, फोटो निघतात, जेवण होते. त्यानंतर तो येईनासा होतो. अमेरिकेतल्या ज्यू समाजाची ही जुनीच तक्रार आहे. तिथेही बार मित्झवा झाली की वर्ग रिकामे होतात. आपल्याकडे त्यात दहावीची भर पडते. आईवडिलांना दोष देता येत नाही. दहावीच्या वर्षी रविवारची सकाळ चाचणी परीक्षेला जाते आणि मराठी मध्यमवर्गीय घर, ज्यू असो वा नसो, गुणांपुढे हात टेकते.

पण सगळा दोष दहावीवर ढकलणेही बरोबर नाही. ज्या शिक्षणाचे टोक तेराव्या वर्षी एक उतारा बिनचूक म्हणणे हे असते, ते शिक्षण तेराव्या वर्षी संपते. मुलगा सोडून जात नाही, वर्गच त्याला सोडतो. दहा वर्षांच्या मुलाला गोष्ट पुरते. पंधरा वर्षांच्या मुलीला त्या गोष्टीवर भांडायचे असते. वर्गाकडे तिच्यासाठी पुन्हा तीच गोष्ट असेल, तर तिने येऊ नये हेच शहाणपणाचे.

ज्यू परंपरेत या भांडणाला जागा आहे, ती नव्याने शोधावी लागत नाही. पेसाहच्या पानावर सगळ्यांत लहान मुलाने प्रश्न विचारल्याशिवाय कथेला सुरुवातच होत नाही. हागादेतल्या चार मुलांपैकी एक उद्धटपणे विचारतो, की हे सगळे तुम्ही कशासाठी करता. त्याला कठोर उत्तर मिळते, पण पानावरून कोणी उठवत नाही. रविवारच्या वर्गात नेमका हा मुलगा हवा. माझा आग्रह एवढाच आहे की, तेरा वर्षांनंतरचा वर्ग त्याच्या प्रश्नांवर बांधावा.

हे प्रश्न कोणते असतील, याचा अंदाज करणे अवघड नाही. आजी मलिदा करते, पोहे, खोबरे, साखर आणि फळे ताटात मांडून प्रेषित एलियाहूचे, एलियाहू हानाबीचे, नाव घेते. बाहेरून आलेल्या पुस्तकात मलिदा का नाही? मग ते ज्यू की कोकणी? अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर एलियाहूच्या रथाची खूण दाखवतात, ती खरी मानायची का? आपण इथे इतकी वर्षे सुखाने राहिलो, मग मामा इस्रायलला का गेले? आणि गेल्यावर, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, तिथल्या धर्मपीठाने बेने इस्रायलींच्या लग्नांना वंशाची चौकशी लावली, ती का? त्याविरुद्ध बेने इस्रायली जेरुसलेममध्ये रस्त्यावर बसले आणि १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेला ते पूर्ण ज्यू आहेत असे जाहीर करावे लागले. हा प्रसंग सोळा वर्षांच्या बेने इस्रायली मुलाला ठाऊक नसेल, तर त्याला हिब्रूची कितीही क्रियापदे पाठ असली तरी शिक्षण अपुरे म्हणावे लागेल. आणखी एक प्रश्न हल्ली टळत नाही. बातम्यांत गाझा दिसते आणि वर्गातला मित्र विचारतो, तुझे मत काय? २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईतल्या कुलाब्याच्या नरिमन हाउस या ज्यू केंद्रावरचा दहशतवादी हल्ला ज्यांनी टीव्हीवर पाहिला, त्यांची मुले आज पोलीस पहाऱ्यातून सिनेगॉगमध्ये जातात. त्यांना यावर बोलायला सुरक्षित जागा द्यायची नसेल, तर रविवारचा वर्ग दुसऱ्या कशासाठी भरवायचा?

या सगळ्या प्रश्नांची सामग्री बरीचशी मराठीत आहे आणि ती वर्गात येत नाही. आज मुंबई-ठाण्यातले असे शिक्षण बहुतेक इंग्रजीतून आणि हिब्रूतून चालते. पुस्तके, खेळ, गाणी अमेरिकेच्या किंवा इस्रायलच्या साच्यातली असतात. यामागचा युक्तिवाद मी हलका मानत नाही. मुले इंग्रजी शाळेत जातात. अनेक जण उद्या इस्रायलला जातील, तिथे हिब्रू लागेल, कीर्तन लागणार नाही. बाहेरच्या ज्यू संस्थांनी पैसा आणि माणसे दिली म्हणून वर्ग उभे आहेत, हेही कृतज्ञतेने मान्य करायला हवे. तरीही या मुलांच्या पणजीने शब्बाथ पाळला, दारफाळणीच्या सणाला (योम किप्पूरला) उपास केला, नवस फेडला तो मराठीत. शाळेत ही मुले मराठी शिकतात, पण गुणांसाठी. मराठीचा त्यांच्या प्रार्थनेशी संबंध आहे हे त्यांना कोणी दाखवत नाही. राजपूरकरांचे एक पान आणि मूळ हिब्रू शेजारी ठेवून दोन तास वाचले, तर व्याकरण, इतिहास आणि श्रद्धा तिन्ही एकाच बैठकीत शिकवता येतात.

इस्रायलमध्ये चित्र नेमके उलटे झाले आहे. दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद इथे वसलेल्या बेने इस्रायली कुटुंबांत हिब्रू रोजची, शनिवार सरकारी सुट्टीचा, धर्म शाळेच्या वेळापत्रकात. तिथे वेगळा वेळ काढून जपावी लागते ती मराठी. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक तिथल्या मंडळींनी याच ओढीने चालवले. इथे जे रविवारी शिकवावे लागते ते तिथे आपसूक मिळते आणि इथे जे घरात होते ते तिथे मुद्दाम जपावे लागते. समाज जिथे अल्पसंख्य असतो, तिथल्या शाळेने न दिलेले काहीतरी सुट्टीच्या दिवशी द्यावेच लागते.

मध्य प्रदेशातल्या माझ्या बालाघाटात सिनेगॉग नाही, पण घरची भाषा शाळेबाहेर जपण्याची ही अडचण आम्हाला परकी नाही. १९५६ पर्यंत आम्ही नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होतो. सीमा बदलली आणि वैनगंगेच्या या काठावरची घरातली मराठी आणि पोवारी बोली हिंदी शाळेच्या दाराशी थांबू लागली. महाराष्ट्रात, गोंदियाला लग्नाला गेलेली मुले आजोळची बोली समजतात, उत्तर हिंदीत देतात. आमच्याकडे तिच्यासाठी रविवारचा वर्गही नाही. म्हणून दोन-अडीच हजारांचा समाज तो चालवतो, याविषयी मला मनापासून आदर आहे आणि त्याच आदरापोटी तो वर्ग तेराव्या वर्षी थांबू नये असे वाटते.

मुलींचा विचार केला तर हा मुद्दा आणखी तीव्र होतो. दहाच्या मोजणीत पारंपरिक सिनेगॉग त्यांना धरत नाही, तेव्हा मुलांना मिळणारे ‘तुझ्यावाचून अडते’ हे कारणही त्यांना नाही. पण या समाजाला शिकवण्याचे मोठे काम स्त्रियांनी केले आहे. रेबेका रूबेन यांचे नाव वर आलेच. कामा हॉस्पिटलच्या प्रमुख राहिलेल्या डॉ. जेरुशा झिराड यांनी १९२५ मध्ये मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन उभी करण्यात पुढाकार घेतला. ही उदारमतवादी मंडळी पुढे रोडेफ शालोम सिनेगॉगच्या नावाने ओळखली गेली. शंभर वर्षांपूर्वी एका बेने इस्रायली डॉक्टर बाईला धर्माची चौकट रुंद करता आली, तर आजच्या अकरावीतल्या मुलीला रविवारच्या वर्गात केवळ श्रोता करून ठेवायचे कारण नाही.

शिकवणार कोण, हा शेवटचा आणि खरा अडसर. बेने इस्रायलींत रब्बींची परंपरा नव्हती; हजान प्रार्थना चालवतात आणि तेही आता कमी आहेत. बाहेरून शिक्षक आला की दोन-तीन वर्षांत परत जातो. माझ्या मते उपाय वर्गातच बसलेला आहे. सतरा वर्षांच्या मुलीने बारा वर्षांच्या मुलाला शिकवावे, त्यासाठी तिला मानधन द्यावे आणि तिची तयारी हजानांनी आणि म्हाताऱ्या शिक्षकांनी करून घ्यावी. वर्षातून काही रविवार वर्ग नवगावला, रेवदंड्याला, पनवेलला न्यावा. कबरस्तानातले मराठी आणि हिब्रू लेख मुलांनी उतरवून घ्यावेत, आजीची मलिद्याची रीत आणि आठवतील तेवढी कीर्तनाची पदे ध्वनिमुद्रित करावीत. राजपूरकरांची आणि त्यांच्या काळची पुस्तके नव्या टाइपात छापायला महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी व साहित्य संस्थांनी पुढे यावे. प्रती थोड्या लागतील, खर्च फार नाही आणि मुद्रिते तपासायला रविवारच्या वर्गातली मुले आहेत.