करूनये

मोडी वाचायला बसलेल्या माणसाला पहिली अडचण अक्षरांची वाटते. ती फार दिवस टिकत नाही. बोरूचे वळण ओळखीचे झाले, ‘कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष’सारखे ठरीव मायने पाठ झाले, की अक्षरे हळूहळू बोलू लागतात. खरी अडचण शब्दांच्या मधल्या जागेची. कारण मोडीत ती जागाच नसते. लिहिणारा आधी पानभर रेघ ओढतो आणि तिच्याखाली शक्य तितका हात न उचलता लिहीत जातो. विरामचिन्हे नाहीत, इकार-उकारांत ह्रस्वदीर्घाचा भेद नाही. ज्याला पत्र लिहिले त्याला घरातले सारे ठाऊक असे. शब्द कोठे तोडायचा हे त्याला सांगावे लागत नसे.

व्यापाऱ्यांच्या मुडिया लिपीवरचा विनोद माळव्यात कोणी ऐकला नसेल असे नाही. कानामात्रा नसल्यामुळे ‘काकाजी अजमेर गये’ हे ‘काकाजी आज मर गये’ असे वाचले गेले आणि घरात रडारड झाली. आपण हसतो, कारण काकाजी अजमेरहून परत येतात. आपल्या रुमालात बांधलेली माणसे मात्र चूक सुधारायला परत येत नाहीत.

असा एक रुमाल आमच्याकडे आहे, होळकर दरबारच्या चाकरीतल्या पिढ्यांचा. त्यात शके १८१४च्या मार्गशीर्षातील, म्हणजे सन १८९२ अखेरचे, पणजोबांचे एक पत्र आहे. इंदुराहून महेश्वरास धाकट्या भावाला लिहिलेले. त्यांची बहीण त्या वर्षी सोळाव्या वर्षी विधवा झाली होती. तिच्या पतीच्या निधनाचे पत्र रुमालात नाही. अशुभ वार्तेचा कागद वाचून फाडून टाकण्याची रीत होती. हे पत्र उरले, कारण त्यात भाताचा भाव आणि एका खटल्याची तारीखही आहे. त्या दोहोंच्या मध्ये एक ओळ: ‘ओंकारेश्वरी जाऊन सोवळी करूनये’.

करू नये, की करून ये? बहिणीचे केशवपन करू नको, की ते उरकून परत ये? कागद नीट आहे, शाई स्वच्छ आहे, एकही अक्षर संशयित नाही.

आमचे थोरले चुलतभाऊ, दादा, कुलवृत्तांत सिद्ध करीत आहेत. त्यांचा निर्णय तत्काळ झाला: करू नये. आगरकरांचा ‘सुधारक’ १८८८ साली निघाला होता, पणजोबा इंग्रजी शिकलेले होते, शिवाय भावाला आज्ञा करायची तर त्या काळचा माणूस ‘येणे’ लिहील, ‘ये’ नव्हे. शेवटचा मुद्दा वजनदार आहे. मी रुमाल पुन्हा चाळला. याच भावाला त्यांनी दोनदा ‘येणे’ लिहिले आहे. आणि एकदा, घाईच्या चिठीत, ‘घेऊन ये’.

तिचे एक छायाचित्र आहे, बऱ्याच नंतरचे. डोईवरून पदर कपाळापर्यंत ओढलेला. पदराखाली काय आहे ते दिसत नाही, आणि तपकिरी पडलेल्या कागदावर आलवणाचा तांबडा रंगही कळायचा नाही.

पूर्वजांविषयी संशयाचा फायदा द्यावा, असे दादा म्हणतात. ते मलाही पटले असते. परंतु या ओळीत दोन पूर्वज आहेत. पणजोबांना दिलेला फायदा तिच्या पदरातून काढून द्यावा लागतो. ‘करून ये’ हेच खरे असेल, तर जे तिला सोसावे लागले ते घडलेच नव्हते असे आपण छापून ठेवणार. उलट, पूर्वजास निर्दय ठरवून आपण सुधारलेले ठरण्यातही एक सुख असते. मी पहिल्यांदा ‘करून ये’ वाचले तेव्हा ते सुख मला झाले होते, हे येथे नोंदवून ठेवतो.

३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला. आनंदीबाईने ‘धरावे’चे ‘मारावे’ केले, ही आख्यायिका. तिला इतिहासाचा आधार असो वा नसो, ‘ध चा मा’ आपल्या भाषेत कायमचा रुजला. पण निदान त्या कथेतल्या आनंदीबाईला लेखणी तरी उचलावी लागली. बालबोधीत नक्कल करणाऱ्याला तेवढेही करावे लागत नाही. एका ठिकाणी बोटभर जागा सोडली की झाले, आणि ती जागा आपण सोडली हे पुढच्या कोणाला कळतही नाही. राजवाड्यांपासून ज्यांनी ज्यांनी दप्तरे बालबोधीत आणली त्या सर्वांना अशा जागा सोडाव्याच लागल्या. एरवी आपल्याला एक पानही वाचता आले नसते. तेथे न तोडता लिहिणे हा विक्षिप्तपणा ठरेल. परंतु एका शब्दापुरता तो मी करावा असे ठरवले. ‘मुळात असेच’ अशी टीप देऊन ‘करूनये’ सलग लिहिले आणि पान दादांकडे पाठवले. अर्धवट काम केले असे ते म्हणाले. रागावले नाहीत, पण तुझ्याच्याने एवढेही ठरवत नाही का, असे विचारले. नाही ठरवत.

गेल्या महिन्यात मुद्रितशोधनासाठी पाने आली. टीप तशीच होती. वर मात्र अक्षरजुळणी करणाऱ्या मुलाने, छपाईची चूक समजून, शब्द तोडला होता: ‘करू नये’. दादांनी त्याला काही सांगितले नव्हते. मी विचारून घेतले. तांबडी शाई घेऊन मी त्या दोन शब्दांमध्ये जोडखूण केली आणि पान परत पाठवले.