क्षमेचे मुखत्यारपत्र

शिकागोच्या उत्तर भागातील डेव्हन ॲव्हेन्यूच्या निरनिराळ्या टप्प्यांना गांधी, गोल्डा मेयर, जीना आणि शेख मुजीब यांची सन्माननामे दिलेली आहेत. पटेल ब्रदर्समधून तूरडाळ आणि पोहे घेऊन निघालेल्या आमच्या मराठी मंडळींना आणि याच परिसरात दीर्घकाळ नांदलेल्या ज्यू कुटुंबांना या पाट्यांचे काही वाटेनासे झाले असले, तरी त्यांतल्या प्रत्येक नावामागे कोणाची ना कोणाची फिर्याद अजून निकालाविना पडून आहे. येथे राहणाऱ्याला म्हणून एक प्रश्न चुकवता येत नाही : दुसऱ्यावर झालेल्या अन्यायाची क्षमा करण्याचा अधिकार मला आहे काय?

हिटलरच्या राजवटीत जर्मनीतच राहिलेले वाद्यवृंदसंचालक विल्हेल्म फुर्टवेंग्लर यांना शिकागोच्या सिंफनी वाद्यवृंदाने पाचारण केले, तेव्हा पियानोवादक होरोविट्झ आणि रुबिन्स्टाइन यांच्यासारख्यांनी बहिष्काराचा इशारा दिला, आणि १९४९ च्या जानेवारीत तो बेत रहित झाला. त्या वादळात फुर्टवेंग्लर यांची बाजू उघडपणे घेणारा व्हायोलिनवादक स्वतः ज्यू होता. तो म्हणजे येहुदी मेन्युहिन.

याच मेन्युहिन यांनी १९४५ च्या जुलैत, बेन्जामिन ब्रिटन यांना पियानोच्या साथीला घेऊन, बेर्गेन-बेल्झेनच्या छळछावणीतून वाचलेल्या माणसांपुढे वादन केले होते. श्रोत्यांत अनिता लास्कर ही तरुणी होती. आउशविट्झच्या कैद्यांच्या वाद्यवृंदात चेलो वाजवून ती जगली होती, आणि नाव ठाऊक नसलेल्या त्या साथीदाराच्या वादनाने ती विशेष भारावून गेली. मरणाच्या दारातून परतलेल्या मुलीचा कान एवढा शाबूत असावा, यापुढे कलेच्या उपयुक्ततेविषयीची सारी चर्चा मला थिटी वाटते.

पण दोनच वर्षांनी बर्लिनमध्ये मेन्युहिन फुर्टवेंग्लर यांच्यासमवेत बीथोव्हेन वाजवू लागले, तेव्हा निर्वासित ज्यूंनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. आणि त्यांच्या छावणीत जाऊन त्या संतप्त समुदायापुढे त्यांना स्वतःची कैफियत मांडावी लागली. फुर्टवेंग्लर नाझी पक्षाचे सभासद नव्हते, त्यांनी कित्येक ज्यू वादकांना साहाय्य केले होते, चौकशीअंती ते दोषमुक्तही ठरले होते. हे सर्व खरे. तथापि ज्यांचे आप्त भट्टीत गेले त्यांच्या वतीने समेट करण्याचे मुखत्यारपत्र मेन्युहिन यांना कोणी दिले होते?

पैठणच्या नाथांची आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. गोदावरीत स्नान करून येणाऱ्या एकनाथांवर एक यवन पुनःपुन्हा थुंकला, आणि तितक्याच वेळा नाथ शांतपणे स्नानास गेले. त्या कथेतील एक गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवीत नाही : थुंकी नाथांच्याच अंगावर पडली होती. दुसऱ्या कोणाच्या अंगावर पडलेली थुंकी नाथांनी परस्पर माफ केली असती, तर तिला क्षमा म्हणणे मला जड गेले असते.

करुणेचे मात्र तसे नाही; तिला कोणाच्या परवानगीची गरज पडत नाही. १९५२ साली नेहरूंच्या निमंत्रणावरून मेन्युहिन हिंदुस्थानात आले आणि मैफलींचे उत्पन्न त्यांनी दुष्काळनिवारणास दिले. त्याच फेरीत मुंबईत त्यांना पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार भेटले; पुढे ‘माझे सर्वोत्तम व्हायोलिनगुरू’ अशा आशयाचा लेख कोरलेले घड्याळ मेन्युहिन यांनी त्यांना भेट दिले. श्वास, खांदा, मनगट आणि त्यांतून उमटलेला सूर हे ज्याचे स्वतःचे आहेत, त्याने ते भुकेल्यासाठी वेचले, तर त्याचा हिशेब कोणी मागू नये. गीता ज्याला लोकसंग्रह म्हणते त्याची व्याप्ती मला एवढी स्पष्ट दिसते. बर्लिनच्या व्यासपीठापाशी मात्र ती धूसर होते, आणि मेन्युहिन यांच्याविषयी अपार आदर असूनही त्या दिवशी मी निर्वासितांच्याच बाजूला उभा राहिलो असतो.

क्षमेचा हक्क असा परक्याला पोचत नसेल, पण स्वकीयांना त्यांचा दोष दाखविण्याचा हक्क जन्मानेच मिळतो. १९९१ साली वुल्फ पारितोषिक स्वीकारण्यासाठी इस्रायलच्या संसदेत उभे राहिलेल्या पंचाहत्तर वर्षांच्या मेन्युहिन यांनी, ज्यांनी सन्मान दिला त्यांच्याच तोंडावर, व्याप्त प्रदेशातील पॅलेस्टिनी जनतेवर चालविलेल्या अंमलाचा निषेध केला.