पेचकसाची मूठ

सोनागिरीत एक फोरमन राहत होता. १९६० साली पंडित नेहरूंनी उद्घाटन केलेल्या भेलच्या कारखान्यानं जी मराठी घरं भोपाळला आणली, त्यांतलंच त्याचं एक. आधी पिपलानीचं क्वार्टर, निवृत्तीनंतर सोनागिरीत स्वतःचं घर. नोकरी संपून बरीच वर्षं झाली, तरी सगळे त्याला फोरमनच म्हणत.

त्याचं नाव होतं ते कानासाठी. मोटार बिघडायच्या आधीच त्याला कळे. पेचकसाचं टोक तो बेअरिंगच्या झाकणावर टेकवी, मूठ कानाशी लावी आणि डोळे मिटी. शॉपमध्ये शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये एवढा गोंगाट. पण त्या लोखंडी दांडीतून आतली घरघर सरळ कानात उतरे. "ग्रीस संपलंय," तो सांगे. किंवा "छर्रा चिरलाय, आजच उघडा." त्याच गोंगाटानं पुढे त्याचे कान मंद केले.

चार घरं सोडून त्याचा मित्र राहायचा, कारखान्यातला जुना स्टोअरकीपर. दिवाळीच्या तोंडावर त्याची बायको गेली. तेरावं झालं, पाहुणे पांगले, मुलगा नोकरीच्या गावी परतला. स्टोअरकीपर सकाळी बागेत येत राहिला, पण बाकाच्या पार टोकाला बसू लागला.

"कसा आहेस रे?"

"बरा आहे."

मंडळी म्हणत, मन खंबीर कर. देवाचं नाव घे. कशात तरी जीव रमव. फोरमनही तेच म्हणे. माया खरी होती सगळ्यांची. पण सगळं चालता चालता बोललेलं. उत्तर यायच्या आत पुढची फेरी सुरू झालेली असे. माघ लागला आणि तो यायचाच थांबला. थंडीचे दिवस, गुडघे दुखत असतील, असं म्हणून सगळे गप्प बसले.

एका संध्याकाळी इंजिनियरिंग शिकणाऱ्या नातीनं विचारलं, "आजोबा, मोटारीतला बिघाड तुम्हाला लांबूनच ऐकू यायचा?"

"छे गं. लांबून सगळ्या मोटारी सारख्याच वाजतात. टेकवून ऐकावं लागतं."

बोलला आणि गप्प झाला. मग उठला, चपला घातल्या.

ज्या माणसाच्या स्टोअरात एक नट जागचा हलत नसे, त्याच्या दारात तीन दिवसांचे पेपर पडले होते. तुळस वाळली होती. दिवा न लावता तो खुर्चीत बसला होता.

फोरमननं सल्ला दिला नाही. समोर बसला. बऱ्याच वेळानं स्टोअरकीपर काही पुटपुटला. फोरमनला ऐकू आलं नाही. त्यानं खुर्ची ओढली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ, आणि मान पुढे केली. "परत सांग. मी ऐकतोय."

पहाटे तीनला जाग येते ती येतेच. घास घशाखाली उतरत नाही. ती गेली ते माझ्याच हलगर्जीपणानं, असं सारखं वाटतं. हे सगळं तेव्हा बाहेर आलं.

फोरमननं सरळ विचारलं, "जगणं नकोसं वाटतं का रे?"

असं विचारलं तर नसता विचार डोक्यात शिरेल, ही भीती आपल्याकडे घट्ट बसलेली आहे. ती खरी नाही. विचारल्यानं तो विचार येत नाही; आलेला असेल तर एकट्यानं वाहावा लागत नाही. स्टोअरकीपरनं मान हलवली आणि तो रडला.

त्या रात्री फोरमन तिथेच झोपला. मुलाला फोन केला. १४४१६ वर, टेलि-मानसलाही. १० ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा चालू आहे. फुकट, रात्रंदिवस, आणि आपल्या भाषेत बोलता येतं. दुसऱ्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं ठरलं.

"मी काय वेडा झालोय?"

"बेअरिंग तापलं तर मोटार वेडी झाली, असं कधी म्हटलं का आपण?"

शेजारची एक काकू दबक्या आवाजात म्हणाली, "कुणाला कळू देऊ नका हं." फोरमन म्हणाला, "वहिनी, भाऊसाहेबांची बायपास झाली तेव्हा सगळ्या गल्लीनं डबे पोचवले. हे लपवलं तर डबा कोण देणार?" दुसऱ्या दिवशी पहिला डबा तिनंच आणला.

भोपाळला तरी हे नवं नको वाटायला. १९८४ च्या डिसेंबरातल्या वायुगळतीच्या त्या रात्रीनंतर डोळे आणि फुप्फुसं तपासायला माणसं धावली; रात्री दचकून उठणाऱ्या मनांकडे लक्ष जायला वेळ लागला. मग तिथल्या साध्या डॉक्टरांनाच मनाचे आजार ओळखायला शिकवलं गेलं. ओळखणं शिकता येतं. डॉक्टरांना येतं तसं शेजाऱ्यालाही.

स्टोअरकीपरला डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. अशा गोळ्यांचा गुण यायला दोन-तीन आठवडे तरी लागतात. आठवड्यातच स्टोअरकीपर कंटाळला, सोडतो म्हणाला. फोरमन रोज संध्याकाळी जाई, गोळी घेतली का विचारी आणि बसे. कधी दोघं मिळून शब्दकोडं सोडवत, कधी नुसतेच बसत.

चैत्रात तो बागेत आला. बाकाच्या मधोमध बसला. फेरी घालणाऱ्या एकानं चालता चालता विचारलं, "काय, कसे आहात?"

"काल रात्री झोप नाही लागली," स्टोअरकीपर म्हणाला.

तो माणूस थांबला. दोन पावलं मागे आला आणि बाकावर बसला.